कानपिळीचं विदेशी घड्याळ

परवा माझी भाची मोबाईल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. नवऱ्याच्या वाढदिवसाला तिला भारीतलं विदेशी घड्याळ घ्यायचंय आणि सगळा बाजार आता त्या काचेच्या आत भरतो. बोटानं ढकलत तिनं मला तो बाजार दाखवला. एका पानावर अस्सल घड्याळं, दुसऱ्यावर त्यांच्याच हुबेहूब नकला, आणि तिसऱ्या पानावर नुसते डबे. मखमलीचे, लाकडाचे, आतून गादी असलेले, आणि सगळे रिकामे.

"रिकामा डबा कोण घेतं गं?" मी विचारलं.

"ज्यांच्याकडे नक्कल असते ते घेतात. डबा खरा असला की घड्याळही खरं वाटतं."

मग तिनं विचारलं, "मावशी, खरं कुठलं नि खोटं कुठलं, हे ओळखायचं कसं? तुझ्याकडे तर खरं आहे." मी तिला सांगितलं, मला यातलं काडीचं कळत नाही. पण ज्याला सगळं कळतं असा एक माणूस मी पाहिला आहे, आणि त्याच्यामुळेच ते माझ्याकडे आहे. तिला वाटलं मी थट्टा करतेय. थट्टा नव्हती. त्या घड्याळाच्या आडून मी आयुष्यातली सगळ्यात मोठी कुस्ती मारली होती, आणि ती तिच्या आईच्या लग्नातली होती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. आमची जमीन इंदापूरच्या अलीकडे, कालव्याखाली. आजोबांच्या काळापर्यंत आमच्याकडे मेंढरं होती, वडिलांच्या पिढीनं पाणी आल्यावर डाळिंब लावलं. वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. घरात आम्ही दोघी बहिणी, आक्का थोरली आणि मी धाकटी. भाऊ नाही. शेजारच्या घरात तात्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे आबा, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याला मी दादा म्हणायची. त्या काळात मुलगी चुलतभावाला दुसरं काय म्हणणार?

भाऊ नसला की काय होतं, हे ज्याला आहे त्याला कळत नाही. रोजच्या जगण्यात काही अडत नाही. पाणी धरायला मी जायची, फवारणीला आक्का जायची, डाळिंबाची प्रतवारी आम्ही दोघी करायचो. अडायचं ते मान आला की. राखीला दादाच्या दारात ताट घेऊन उभं राहायचं आणि त्यानं झोपेतून उठून यायची वाट बघायची. लग्नात तर भावाशिवाय पानच हलत नाही. मुलीच्या हातात लाह्या भावानं घालायच्या, नवऱ्या मुलाचा कान भावानं पिळायचा, म्हणजे बहिणीला नीट सांभाळ अशी तंबी. आणि लग्नानंतर पहिल्या दिवाळीला सासरी जाऊन बहिणीला माहेरी आणायचं तेही भावानंच. त्याला मुराळी म्हणतात. आबा हे सगळं आम्हाला वरचेवर ऐकवायचे. "काळजी करू नगं तात्या, मांडवात आमचं पोरगं उभं ऱ्हाईल की," असं म्हणायचे, आणि त्या 'आमचं'वर असा जोर द्यायचे की तात्यांची मान खाली जायची. मला त्याचा फार राग यायचा.

आक्काचं स्थळ मोरगावकडचं निघालं. जिरायती माणसं, ज्वारी-बाजरी आणि शेळ्या, पण स्वभावानं सोन्यासारखी. मुलगा बारामतीत दवाखान्यात कंपाउंडर होता. देण्याघेण्याचं काहीच नाही म्हणाले. मुलाचे वडील तात्यांना म्हणाले, "तुमी नारळ द्या, आमी फोडतो, झालं लगीन." असे व्याही शोधून सापडत नाहीत. तात्या त्या दिवशी हसले, आणि नेमक्या त्याच बैठकीत दादानं तोंड उघडलं.

कान पिळणाऱ्या भावाला नवऱ्या मुलाकडून काहीतरी मिळतं. टॉवेल-टोपी, फार तर शर्टाचं कापड. हसतखेळत मागायचं आणि हसतखेळत द्यायचं अशी रीत. दादा इंदापूरच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडे होता, माल उतरवून घ्यायचा, प्रत ठरवायचा, आणि त्यामुळे जगातला कुठलाही माल आपण नुसत्या नजरेनं ओळखतो अशी त्याची खात्री होती. भर बैठकीत तो म्हणाला, "टावेल-टोपीवर न्हाय भागायचं. कानपिळीला मला विदेशी घड्याळ पायजे. अस्सल. नक्कल आणली तर मी लगीच वळखतो."

सगळे हसले. सगळ्यांना वाटलं थट्टा आहे. दादा हसला नाही. मग मुलाचे वडील खाली बघत म्हणाले, "मान हाय तुमचा. आणू की."

आठवड्यानं तात्या बारामतीच्या बाजारातून आले ते जेवलेच नाहीत. आईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, व्याही बाजारात दोन दुभत्या शेळ्या घेऊन उभे होते. तात्यांना बघून ते शेळ्यांच्या मागं सरकले, आणि तात्याही न बघितल्यासारखं करून पुढं गेले. घड्याळासाठी शेळ्या. ज्यांनी आमच्याकडून नारळाशिवाय काही मागितलं नाही, त्यांना आमचा मुलगा, तोही उसना, शेळ्या विकायला लावत होता.

"दादाला सांगा की, घड्याळ नको म्हणून," मी म्हणाले.

"सांगितलं तर रुसंल. रुसला तर मांडवात कोण उभं राहील?"

"मी राहीन."

आईनं डोक्याला हात लावला. तात्यांनी मात्र मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तेव्हा मी बारामतीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, अंगानं काडी आणि तोंडानं फटाकडी. "पोरीनं कान पिळल्यालं कुठं ऐकलंय का?" ते म्हणाले. मी म्हणाले, कोणी पिळलाच नाही तर ऐकणार कसं? मग ते हळूच म्हणाले, "त्यानं आपणहून सोडलं तर बघू. माझ्यानं त्याला काढून टाकायचं हुणार न्हाय. थोरल्या भावाचं पोरगं हाय."

झालं. आता माझं काम सोपं होतं. दादाकडून आक्काच्या नवऱ्याचा कान सोडवून घ्यायचा. आणि दादा ज्याच्या बदल्यात कान सोडेल अशी जगात एकच वस्तू होती.

कॉलेजच्या एसटीत हातोहात फिरणारं एक साप्ताहिक होतं. त्याच्या शेवटच्या पानावर पुरुषांची ताकद वाढवणारी चूर्णं, उंची वाढवणारी यंत्रं आणि घड्याळं यांच्या जाहिराती असत. दिल्लीची कुठलीशी कंपनी. 'हुबेहूब विदेशी', सोनेरी पट्टा, आणि शोभेचा मखमली डबा हवा असल्यास त्याचे वेगळे पैसे. म्हणजे डबे वेगळे विकायची अक्कल काही आजची नाही. शिकवण्यांचे साठवलेले पैसे होते, त्यात घड्याळ बसत होतं, डबा बसत नव्हता. मी कार्ड टाकलं आणि व्हीपीपीनं, म्हणजे पोस्टमनच्या हातात पैसे देऊन सोडवायचं अशा बोलीवर, घड्याळ मागवलं, डब्याशिवाय.

माझ्या मनात फसवायचं होतं का? होतं. उगाच साळसूदपणा कशाला करू? दादानं विदेशी मागितलं होतं, जाहिरातीत विदेशी लिहिलं होतं, आणि तो तर म्हणे बघताक्षणी ओळखतो. ओळखू दे की मग.

पार्सल आलं ते पोस्टमननं वाटेतल्या प्रत्येक दारात सांगत आणलं. "दिल्लीचं हाय, जड लागतंय." वरचं कापड फाडलं, आत पुठ्ठ्याचं साधं खोकं, आणि खोक्यात कुठल्याशा उर्दू वर्तमानपत्रात गुंडाळलेलं घड्याळ. काय चकाकत होतं म्हणता! आमच्या घरात इतकं चकाकणारं दुसरं काही नव्हतं. पण हातात घेतलं आणि माझा सगळा तोरा उतरला. ते वजनाला बरं होतं, पण काट्यांचा आवाज खोलीभर येत होता आणि मागचं झाकण बोटानं दाबलं की चक्क आत जात होतं. मी ते परत कागदात गुंडाळलं आणि धान्याच्या कणगीमागं ठेवून दिलं. हे घड्याळ कान सोडवेल असं मला मुळीच वाटेना.

तेवढ्यात मामा आला. आईचा भाऊ मस्कतला ड्रायव्हर होता, तो नोकरी संपवून कायमचा परत आला, तोही भाचीच्या लग्नाच्या तोंडावर. त्याच्या मालकानं निरोप देताना त्याला एक स्विस घड्याळ दिलं होतं. गडद निळा मखमली डबा, आत पांढरी गादी, गादीवर घड्याळ. काळा चामडी पट्टा, पांढरी तबकडी, चकाकणं अजिबात नाही. काटा असा सरकायचा की सरकतोय हे कळायचंसुद्धा नाही. मामानं ते तात्यांच्या हातात दिलं. "मला काय करायचंय हे, माझी वेळ आता बैलं सांगतील. लग्नात कुणाला द्यायचं ते तुमी ठरवा, दाजी." आणि तो आपल्या गावी गेला, लग्नाच्या दिवशी येतो म्हणून.

तात्यांनी डबा एकदा उघडला, एकदा मिटला आणि माझ्यासमोर ठेवला. "दे त्याला हे. व्याह्याच्या शेळ्या अजून खपल्या न्हायत म्हणं, दावणीला तरी ऱ्हातील." असं घड्याळ जन्मात पुन्हा घरात येणार नाही हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं. पण मला ते घड्याळ नको होतं, मला कान हवा होता.

पोस्टमनच्या कृपेनं दादाला पार्सल कळलं होतं आणि मामाचं येणंही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपणहून आमच्या ओट्यावर येऊन बसला. तात्या शेजारी बसून सुतळी वळत होते. मी सरळ मुद्द्यावर आले. व्याह्यांकडं काही मागायचं नाही, घड्याळ मी देते, पण कानपिळी माझी, आणि लाह्याही माझ्याच.

"कान पिळून तुला काय मिळायचंय?" तो म्हणाला.

"टॉवेल-टोपी."

तो मनापासून हसला. त्याला माझी कीव आली असावी. "बघू तरी घड्याळ."

मी निळा डबा त्याच्यापुढं उघडला. "मामांनी आणलंय मस्कतहून. अस्सल स्विस आहे."

आता दादा कुठल्या यार्डात वाढला हे ध्यानात घ्या. आमच्याकडं डाळिंबाची पेटी भरताना गुलाबी कागदाची कात्रणं घालून वरच्या थराला लालबुंद फळं लावतात आणि खालच्या थराला बारकी. सगळेच लावतात, आम्हीही लावायचो. दादाचं आख्खं काम म्हणजे पेटी आली की वरचा थर बाजूला सारून खाली हात घालायचा. जेवढी पेटी देखणी, तेवढा तो जास्त खोल हात घालायचा. त्यानं घड्याळाकडं ओझरतं बघितलं, पण डबा मात्र उलटासुलटा केला. गादी उचलली. खाली पुठ्ठा निघाला. त्यानं पुठ्ठ्यावर टिचकी मारली आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मी अडत्याला नासका माल विकायला निघालेय.

"खोकं लय भारी हाय," तो म्हणाला. "घड्याळाला चकाकी कुठाय? आन् पोस्टात काय आलंय ते काढ."

मी निळा डबा पुन्हा त्याच्याकडं सरकवला. "ते नको दादा. ते साधं आहे."

"काढ म्हणतो ना."

"ते मी दिल्लीवरनं मागवलंय, जाहिरातीतलं. हे मामाचं आहे, हे घे. खरं सांगतेय."

मी जेवढं नको म्हणावं तेवढं त्याचं तोंड खुलत गेलं. मी खरंच काकुळतीला आले होते. नक्कल त्याच्या डोळ्याला पडली की तो चिडेल, आपल्याला फसवायला निघाली म्हणेल, आणि उठून जाईल, अशी मला भीती. पण तात्यांनीही आण म्हणून मान हलवली, तेव्हा मी कणगीमागून ती पुरचुंडी आणली. त्यानं कागद उलगडला आणि त्याचे डोळे घड्याळावर नाही, त्या कागदावर खिळले. उजवीकडून डावीकडं जाणारी ती अक्षरं.

"आरबी पेपर," तो हळूच म्हणाला. मग तात्यांकडं वळून अगदी समजुतीच्या सुरात बोलला, "तात्या, तुमाला म्हायती न्हाय, मला म्हायती हाय. तिकडनं माल आणणारा माणूस डबा मिरवत आणतो का? कस्टमवाला धरंल की. अस्सल असतंय ते असं कागदात बांधून, कपड्यात लपवून आणत्यात. आन् डबा येतो तो दिल्लीचा. ही पोरगी आदला-बदल करून मला वरचा थर दावती."

"दादा, तो कागद उर्दू आहे," मी म्हणाले. "दिल्लीत उर्दू पेपर निघतो."

"व्हय व्हय," तो म्हणाला. "तू शिकलेली हायस, आमी काय." आणि त्यानं ते सोनेरी घड्याळ मनगटावर चढवलंसुद्धा.

मी तात्यांकडं पाहिलं. तात्या सुतळी वळत होते, फक्त त्यांचा अंगठा थांबला होता. आमच्या यार्डात सौदा तोंडानं करत नाहीत, हातावर टॉवेल टाकून खाली बोटं दाबतात, आणि एकदा बोटं सुटली की माल बदलून मिळत नाही, देव आला तरी. तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, माझ्या आणि दादाच्या हातावर टाकला आणि म्हणाले, "पुन्हा कुरकुर नगं. बोला." टॉवेलखाली दादानं माझी बोटं दाबली. घड्याळ त्याचं, कान माझा, आणि मोरगावला निरोप जायचा की मुलीच्या भावाला काही नको.

दादा वाकडी वाट करून यार्डाकडं गेला, वाटेत भेटेल त्याला मनगट दाखवत. तो दिसेनासा झाल्यावर तात्या हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि आई पाणी घेऊन धावली. पुढं उन्हाळ्यात घामानं दादाचं मनगट हिरवं पडलं, सोनं उडून आत पितळ दिसायला लागलं, तरी त्यानं हार मानली नाही. "आरबांनी मामाला फसवलं," असं तो आजही सांगतो. मीही त्याला अडवत नाही.

पण ते नंतरचं. सौदा झाला तरी लग्न व्हायचं होतं, आणि मांडव म्हणजे काही आमचा ओटा नव्हता. आबांना कोणी काही सांगितलंच नव्हतं.

लग्नाच्या सकाळी तात्यांनी मला आत बोलावलं. मामाचं घड्याळ त्यांच्या हातात होतं. पट्टा माझ्या मनगटाला फार सैल होत होता, म्हणून त्यांनी दाभणानं त्याला आत एक भोक पाडलं आणि आपल्या हातानं बांधलं. "तुझ्या मामानं ठरवायला सांगितलं हुतं," एवढंच म्हणाले. निळा डबा आईनं नथ ठेवायला घेतला.

अक्षता पडल्या, पंगत बसायची घाई सुरू झाली, आणि भटजींनी लाह्यांचं सूप पुढं ओढत हाक दिली, "मुलीचा भाऊ, या." स्पीकरवाल्यानं तीच हाक माइकवरून सगळ्या मांडवाला ऐकवली. दादा मांडवाच्या दारात पाच-सात जणांना घड्याळ दाखवत उभा होता. मी नऊवारीचा ओचा खोचला आणि जाऊन आक्काच्या मागं उभी राहिले.

"तू बाजूला हो बाळ, भावाला येऊ दे," भटजी म्हणाले.

"मीच आहे."

आबा उठले ते तरातरा आलेच. "काय चाललंय हे? माझं पोरगं धडधाकट असताना पोरगी कान पिळणार? लोक शेण घालतील तोंडात." बायका कुजबुजायला लागल्या. वाजंत्री थांबली. नवरदेवाचे वडील कानपिळीचं ताट घेऊन उभे होते, ताटात टॉवेल आणि पांढरी टोपी, आणि त्यांना कुणाकडं बघावं ते कळेना. आता एक जण जरी म्हणाला असता की हो बाजूला, तर मी झाले असते.

आबांनी दादाला हाक मारली. दादा आला, आबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि एक गोष्ट त्याच्या बाजूनं मी जन्मभर सांगत आलेय ती म्हणजे तो यार्डाचा माणूस होता. "आबा, सौदा झालाय," तो म्हणाला. "तात्यांच्या टावेलाखाली झालाय. माझ्यानं बोट मागं घ्यायचं हुणार न्हाय."

आबा तात्यांकडं वळले. "तात्या, तू बोल. भाऊ कोण हाय मुलीचा?"

तात्या कधी चारचौघांत बोलायचे नाहीत. थोरल्या भावापुढं तर नाहीच. ते स्पीकरवाल्याजवळ गेले, त्याच्या हातातला माइक घेतला, तोंडाच्या फार जवळ धरला, त्यामुळं आधी नुसती शिट्टी वाजली. मग त्यांचा आवाज आला. "मुलीचा भाऊ हाय. ही काय, हुभी हाय. म्होरं येऊ द्या तिला."

आबा बसले. भटजींनी घसा खाकरला आणि सूप माझ्याकडं सरकवलं. मी आक्काच्या ओंजळीत लाह्या घातल्या. मग कानपिळीची वेळ आली. आक्काचा नवरा, म्हणजे आता माझे दाजी, उंच, आणि वर मुंडावळ्या नि फेटा. ते आपणहून खाली वाकले. मी त्यांचा कान धरला, पण लाजेनं नुसता बोटात धरला. तेव्हा ते कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "असा न्हाय. नीट पीळ. तुझं तात्या बघत्यात."

मग मी पिळला. असा पिळला की दाजी खरोखरच ओरडले, मांडव हसला आणि वाजंत्री न सांगता सुरू झाली. त्यांच्या वडिलांनी टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, टोपी हातात घेऊन क्षणभर घुटमळले, आणि माझ्या वेणी-गजऱ्यावर सरळ ठेवून दिली.

"कान सोड की पोरी," ते म्हणाले. "निरोप आला हुता काही नगं म्हणून. पर रिकाम्या हातानं कानपिळी व्हत न्हाय. माग काय ते."

मला त्या क्षणी काय मागावं ते ठरवावं लागलं नाही. ते लहानपणापासून ठरलेलं होतं. कान धरूनच मी म्हणाले, "दिवाळीला मुराळी म्हणून मी येणार. माझ्यासंगं आक्काला पाठवायची. दुसऱ्या कुणासंगं नाही."

म्हाताऱ्यानं माझ्या डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी नीट बसवली. मग म्हणाला, "ये."

त्या दिवाळीला मी इंदापूरहून बारामतीला आले आणि बारामतीहून मोरगावची एसटी धरली. हातात फराळाची पिशवी, डोक्यावर पदर नाही, मनगटावर घड्याळ, आणि कंडक्टरनं कुठं निघालीस विचारल्यावर मी सांगितलं, मुराळी म्हणून निघालेय. तो तिकीट फाडता फाडता थांबला आणि हसून म्हणाला, बरं. वाटेत शेजारच्या बाईलाही मी तिनं न विचारताच ते दोनदा सांगितलं. पण स्टँडवर उतरल्यावर भीतीनं गाठलं. मांडवात, वाजंत्रीत, सगळ्यांच्या देखत 'ये' म्हणणं वेगळं. आज दारात एकटी पोरगी बघून म्हणतील, घरात कुणी बाप्या माणूस नव्हता का पाठवायला? तसं म्हणाले असते तर मांडवातलं सगळं वाया गेलं असतं, आणि ते तात्यांना जाऊन सांगायची माझी ताकद नव्हती.

आक्काचं घर गावाच्या कडेला. दारात शेळ्या बांधलेल्या, त्यात त्या दुभत्या दोन्ही होत्या. सासरे बाजल्यावर बसून चिलीम साफ करत होते. त्यांनी डोळ्यावर हात धरून माझ्याकडं बघितलं, ओळख पटली तशी चिलीम बाजूला ठेवली आणि उभे राहिले. पोरीबाळींसाठी घरचा म्हातारा उभा राहत नाही, पाहुण्या पुरुषासाठी राहतो. त्यांनी स्वतः माझ्या पायावर घालायला तांब्या पुढं केला आणि घरात तोंड करून हाक दिली.

"सूनबाय, भायेर ये. तुझा भाऊ आलाय."